दोन चौकटी

रविवार, २ मार्च

धाकटे,

‘ताई, तो मला मारेल.’

हे तू मला म्हणालीस त्याला या मे महिन्यात एकोणीस वर्षं होतील. मी तेव्हा भांडी विसळत होते. नळ बंद न करताच म्हणाले, "नवरा आहे, रागीट आहे, मारेल एखादी. तू उलट बोलू नकोस म्हणजे झालं." मग हात पुसले, तुला चहा करून दिला आणि संध्याकाळच्या बसने स्वतः तुला तुझ्या घरी सोडून आले. बसमध्ये तू खिडकीशी बसली होतीस. मी तुला सबंध रस्ता संसार कसा करावा ते सांगत होते.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडायचा म्हटला तरी हातात घ्यावा लागतो.

आधी कारण सांगते, नाहीतर पहिल्याच पानावर ठेवून देशील. इथल्या दवाखान्यात एक बाई आहे, आपली भाषा बोलणारी. एका दुकानासाठी घरून शिवणकाम करते, पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. मी तिला मनात शिवणवाली म्हणते. तिच्या नवऱ्याने तिला इस्त्रीने मारलं. तो कोठडीत आहे. वीस तारखेला त्याला न्यायाधीशापुढे उभं करणार. त्याचं म्हणणं, तीच माझ्या अंगावर धावून आली, मी फक्त स्वतःला वाचवलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तिने वीस तारखेच्या आत जबाब दिला नाही तर तो सुटेल आणि सरळ घरी जाईल. घराची किल्ली त्याच्या खिशात आहे. ती बोलत नाही. कोणाशीच नाही. आणि ती बोलत नाही ते माझ्यामुळे.

माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. ते शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर न वाचता नाही म्हणशील. शेवटी लिहिलं तर वाचून नाही म्हणशील. तेवढ्या फरकावर मी हे लिहायला बसलेय.

सोमवार, ३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. हाताला वास आहे, कागदालाही येईल. माफ कर.

आम्हाला इथे येऊन वर्ष झालं. तुझे भावोजी कोंबड्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतात, मी त्याच कारखान्यात पंख तोडते. हो, मीच. वीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवलं, पण इथे आपली पदवी कोणी विचारत नाही. वरच्या साखळीला उलट्या टांगलेल्या, सोललेल्या कोंबड्या समोरून जात राहतात. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, उजव्या हातात सुरी. बोटाने खांद्याचा सांधा चाचपायचा, सुरी आत घालायची, मनगट वळवायचं. मिनिटाला बावीस पंख. पायाखाली पाणी असतं आणि ते दिवसभर गुलाबी असतं. पहिल्या आठवड्यात मी रोज उलटी केली. आता घरी गवार मोडतानाही बोटं सांधा शोधतात.

आमची मुकादमीण शिट्टी वाजवून बोलावते, म्हणून तिचं नाव शिट्टी. पहिल्याच दिवशी माझा हात बघून ती म्हणाली, "तुला दया येतेय. दया आली की सुरी अर्ध्यात थांबते आणि मांस फाटतं. एकदाच, पूर्ण."

कामानंतर आठवड्यातून तीनदा भाषेचा वर्ग. तिथे मी हुशार. बाईंनी आता वर्षअखेरचा निबंध दिलाय, ‘या देशातलं माझं पहिलं वर्ष : नवे अनुभव’, तीनशे शब्द. मी लिहिलं, या वर्षी मी पहिल्यांदा बर्फ पाहिला. या वर्षी मी सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले. या वर्षी मी पहिल्यांदा पोलीस चौकीत गेले. तिसरं वाक्य खोडलं. मग काही सुचेना, तेव्हापासून तुलाच लिहीत बसलेय.

त्या वर्गातली एक गोष्ट सांगायला हवी. बाईंनी एकदा प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत सगळ्यात जास्त राबणारं क्रियापद कोणतं? मी म्हटलं, मारणं. आणि फळ्यावर यादीच काढली. आम्ही हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, बढाई मारतो, झाडू मारतो, डोळासुद्धा मारतो. माझ्या शेजारी एक ट्रकवाला बसतो. तो म्हणाला, "बाई, मग तुमच्याकडे लग्न आणि मारामारी यातला फरक कसा कळतो?" वर्ग फुटला. सगळ्यात जास्त मीच हसले.

बाईंनी विचारलं, "आणि जिवानिशी मारणं?"

"तेही मारणंच. डासही मारतो आणि मुलालाही मारतो. डास मरतो, मुलगा रडतो."

"मग कोणी नुसतं ‘मारेल’ म्हणालं तर? इथे त्याला दोन वेगळे शब्द आहेत."

मी ताठ मानेने म्हणाले, "आम्हाला कळतं. बोलण्यावरून कळतं."

बाई खूश झाल्या. त्यांनीच माझं नाव दुभाष्यांच्या यादीत घातलं. शिट्टी वाजली, जाते.

बुधवार, ५ मार्च

फेब्रुवारीच्या बारा तारखेला दुपारी मला साखळीवरून उतरवलं आणि चौकीत पाठवलं. छोटी खोली. जमिनीला स्क्रूने घट्ट केलेल्या खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा. अधिकारीण बाई होती, तिला सडकून सर्दी झाली होती आणि सगळे रुमाल तीच वापरत होती. समोर शिवणवाली. तिशीची असेल. नीट भांग पाडलेला, बुटांना पॉलिश, बाहीला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

मी बोलायला लागले तशी ती अर्धी उठलीच. "अगबाई, तुम्ही आपल्या! ताई म्हणू ना?"

"म्हण की," मी म्हणाले.

तिने सांगितलं ते मी एकेक वाक्य करून इथल्या भाषेत सांगत गेले. लग्नाला तीन वर्षं. आधी हात, मग पट्टा. एकदा बाथरूममध्ये कोंडून दोन दिवस. एकदा केस धरून डोकं शिवणयंत्राच्या चाकावर. तिने केस बाजूला करून खूण दाखवली, इथे, कानामागे. अधिकारीण शिंकत, लिहीत होती. मग तिने विचारलं, तीन वर्षं आली नाहीस, आज का आलीस?

शिवणवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, यांना सांगा, मी आज घरी गेले तर तो मला मारेल."

अधिकारीणबाईच्या समोरच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एक मारहाणीची भीती, दुसरी जिवाची भीती. पहिलीवर खूण केली तर बाईला एक कागद आणि फोन नंबर देऊन घरी सोडतात आणि दोन दिवसांत कोणीतरी येऊन चौकशी करून जातं. दुसरीवर केली तर तिला घरी पाठवतच नाहीत, आणि नवऱ्याला तासाभरात उचलतात. तिने पेन वर धरून मला विचारलं, "कुठली?"

मी पहिली सांगितली.

"ताई, सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"थँक्यू हं. तुम्ही नसता तर मी काय केलं असतं!"

माझ्याकडे दुभाष्यांची नियमपुस्तिका आहे, तिच्यात पहिलाच नियम आहे : शंका असेल तर बोलणाऱ्याला पुन्हा विचारा. नंतर माझाही जबाब घेतला. मी लिहून दिलंय, ‘मला शंका आली नाही, कारण ती शांतपणे बोलत होती.’ खाली माझी सही आहे. छान गोलाकार.

पुढचं पोलिसांनी खोलीवरून आणि डॉक्टरांनी जखमांवरून जोडलेलं आहे. त्याच संध्याकाळी त्याला तिच्या पर्समध्ये तो पोलिसांचा कागद सापडला. ती गिऱ्हाइकाची पँट इस्त्री करत होती. त्याने तिच्या हातातून इस्त्री घेतली. आधी तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि त्यावर इस्त्री ठेवली. मग पाठीवर. मग टोकाने डोक्यात, पुन्हा पुन्हा. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला वाटलं, कपाटं सरकवतायत, म्हणून तिने आवाजाची तक्रार करायला पोलिसांना फोन केला. अकरा वार मोजले डॉक्टरांनी. बारावा बसला नाही, कारण वायर भिंतीतून उपटून त्याच्याच पायात अडकली आणि तो तोंडावर पडला. पोलीस पोचले तेव्हा तो जमिनीवर बसून तिलाच पाणी मागत होता.

जमिनीवर तिची कात्री उघडी पडली होती. आता त्याचा वकील म्हणतो, ती कात्री घेऊन त्याच्यावर धावली.

शुक्रवार, ७ मार्च

काल मी तुझ्या भावोजींना मारलं. घाबरू नकोस, जिवंत आहेत. नाक सुजलंय.

ते बिचारे माझी समजूत घालत होते. "तू फक्त भाषांतर केलंस. शब्दालाच दोन अर्थ, त्यात तुझा काय दोष?" इथवर मी भांडी घासत होते. मग ते म्हणाले, "आणि तेव्हाही तुझा दोष नव्हता. तुला काय स्वप्न पडणार होतं?" माझ्या हातात पातेलं होतं. कधी फिरवलं मलाच कळलं नाही. रक्त आलं, टेबलाच्या कडेवरून टपकायला लागलं, आणि मी तिथेच उभी, सांधा नीट तुटला का ते बघावं तशी बघत. ते खुर्चीत बसले, नाकावर बर्फाची पिशवी धरली आणि म्हणाले, "हे कुठल्या चौकटीत घालायचं?" मी हसले. मग हसणं थांबेना. मग त्यांनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा मला घाबरला.

माझ्यात बाबांचा हात आहे, धाकटे. तुला आठवतं, त्यांचा पट्टा दाराच्या खिळ्याला असायचा आणि आई त्याला हात न लावता दार लावायची. ते आईला मारायचे, आई मला मारायची, मी तुला. शाईची दौत सांडलीस म्हणून मी तुझ्या पोटरीवर पट्टी मोडली होती. आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला. ‘मारीन हं!’ हे आपल्याकडे लाडाने म्हणायचे. मोठी झाल्यावर मी हा शब्द ऐकला की त्याचा लहानच अर्थ ऐकायचे, तसा कानच झाला होता. हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. ऐकायला बरं वाटतं.

वीस फेब्रुवारीला मला दवाखान्यात पाठवलं, तिचा जबाब घ्यायला. अजून त्यांना दुसरी दुभाषी मिळाली नव्हती. डोक्याला पट्ट्या, एकच डोळा उघडा, उजवा हात पिशवीत घालून टांगलेला. त्या हातावर तिचं पोट आहे. मी जवळ खुर्ची ओढली. तिने त्या एका डोळ्याने मला ओळखलं.

"ताई, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"तू म्हणालीस तेच. मारेल म्हणून."

तीन वर्षं इथे राहिलेली बाई, इथल्या भाषेतले थोडे शब्द तिलाही येतातच. मग म्हणाली,

"कुठलं?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. आज पंधरा दिवस झाले, एक अक्षर नाही. सहा तासांवरच्या शहरात एक दुभाषी सापडली आहे, बाईच आहे, फार अनुभवी, माझ्यासारखी हौशी नव्हे. फोनवरून काम करते. तिचा फोन शिवणवालीच्या कानाला लावला. आपली भाषा ऐकू आली आणि तिने डोकं झटकून फोन पाडला. नर्स मला म्हणाली, "तुमच्या भाषेचा आवाज आला की हिची नाडी पळायला लागते."

रविवार, ९ मार्च

आता जे जबाबात नाही ते.

त्या दिवशी चौकीत ‘तो मला मारेल’ म्हटल्यावर शिवणवालीने मांडीवरचं कापड सोडवलं. आत तिची कात्री होती. लांब, काळ्या मुठीची, धार लावलेली. तिने ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही इथेच ठेवून घ्या. घरात नको."

अधिकारीणबाईने विचारलं, काय म्हणते?

मी म्हणाले, "म्हणते, ही तिच्या कामाची कात्री आहे."

अधिकारीण हसली, म्हणाली, सुंदर आहे, आणि परत तिच्या हातात दिली. शिवणवालीला वाटलं, ठेवून घ्यायचा नियम नसेल. तिने ती पुन्हा गुंडाळली आणि घरी घेऊन गेली.

धाकटे, तू त्या दिवशी माझ्याकडे आलीस तेव्हा टॉवेलात गुंडाळून घरातल्या दोन्ही सुऱ्या आणल्या होत्यास. मोठी आणि बटाट्याची. ओट्यावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "तुझ्याकडे राहू देत." मी हसून म्हणाले, "मग स्वयंपाक कशाने करशील?" आणि माझ्या हाताने त्या तुझ्या पिशवीत परत घातल्या. पाती आत, मुठी वर, तुला लागू नये म्हणून.

आठ दिवसांनी त्याने कपडे वाळत घालायची दोरी घेतली.

मी आईला सांगितलं, ‘मारेल’ एवढंच म्हणाली होती. तुझ्या सासरी तेच. तेव्हाच्या पोलिसांना तेच. तू गळ्याभोवती तो जांभळा पट्टा घेऊन पडली होतीस, आवाज फुटत नव्हता, तेव्हा तुझ्या उशाशी बसून तुलाही तेच सांगितलं. सुऱ्यांचं मी कोणाला सांगितलं नाही. गंमत म्हणजे तूही नाही सांगितलंस. का गं? मी वाट बघत होते. एकोणीस वर्षं प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटायचं, आता सांगितलं असेल तिने कोणाला.

म्हणून चौकीत ती कात्री टेबलावर आली तेव्हा मला सगळं कळलं. आम्हाला कळतं, असं मीच म्हणाले होते ना. कुठलं ‘मारेल’ ते मला तितकंच स्वच्छ कळलं जितकं त्या नळापाशी कळलं होतं. अधिकारीणबाईचं पेन वर होतं. मी दुसरी चौकट सांगितली असती तर तुझ्या वेळीही मला ऐकू आलं होतं, हे मला कबूल करावं लागलं असतं. कोणापुढे नाही, माझ्यापुढे. एक पंख तोडायला लागतो तेवढ्या वेळात मी तिला त्याच्या हाती दिलं आणि मला वाचवलं.

हे सगळं मी काल त्या अधिकारीणबाईला त्यांच्या भाषेत लिहून दिलं. एकदाच, पूर्ण. यादीतून माझं नाव गेलं. पुढे माझ्यावर काय कारवाई होईल ते होईल. कात्री ती सोडून द्यायला आली होती हे आता न्यायाधीशाला कळेल. अधिकारीणबाईलाही टेबलावरची कात्री आठवते. पण त्या खोलीत काय झालं ते फक्त शिवणवालीला माहीत आहे. ती बोलली नाही तर बाकी सगळं असून नसल्यासारखं, असं सरकारी वकीलबाई म्हणाल्या.

आता मागणं.

तुझा आवाज त्या दोरीनंतर पूर्ण परत आला नाही, हे मला माहीत आहे. तू अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाहीस, दुकानातसुद्धा चिठ्ठी पुढे करतेस, हे आईकडून कळतं. आईकडून आणखी एक कळलं होतं. कोर्टात तू उभी राहिलीस तेव्हा पंखे बंद करायला लावले, न्यायाधीश टेबलावर पुढे वाकले, आणि तू त्या चिरक्या आवाजात पाऊण तास बोललीस. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मी आले नव्हते. माझी परीक्षेची पर्यवेक्षणं होती, असं कळवलं होतं. परीक्षा त्याच्या आधीच संपल्या होत्या.

हे पत्र कुरिअरने चार दिवसांत पोचेल. त्यानंतर आठवडा उरतो. मागच्या पानावर तिच्या वॉर्डाचा नंबर आहे. तुमच्याकडे रात्रीचे आठ ते दहा वाजलेले असतात तेव्हा नर्स मोकळी असते. तिला मी समजावून सांगितलंय, एक बाई फोन करेल, आवाज फार बारीक आणि फाटका असेल, समोरून काही उत्तर आलं नाही तरी फोन कानाशी धरून ठेव. मी तिथे नसेन. त्या मजल्यावर मला आता जाऊही देत नाहीत. माझी बाजू सांगू नकोस. उलट तिला सांग, ज्या ताईने तुला परत पाठवलं, तिनेच मलाही पाठवलं होतं. मग ती ऐकेल.

तू नाही म्हणशील. माझ्यासाठी तू काही करावंस असं मी काहीच ठेवलेलं नाही, आणि ती बाई तुझी कोणी लागत नाही. मी तुझ्या जागी असते तर हे पान इथेच चुरगाळलं असतं. तरी मागते. तिला फोन कर, आणि कोर्टात तोंड उघडताना तू पहिलं वाक्य कोणतं बोललीस, तेवढं तिला सांग.